बिझनेस रूल्सच्या आधाराने रिक्वायरमेंट गोळा करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिस्टिम प्रोजेक्टमध्ये रिक्वायरमेंट, म्हणजे सिस्टिमने काय करायला हवं त्या अपेक्षा, गोळा करणारे बीए (बिझनेस अ‍ॅनालिस्ट), त्या वाचून कोड लिहिणारे डेव्हलपर, तपासणारे टेस्टर आणि ज्यांच्या कामासाठी सिस्टिम बनतेय ते लोक, अशा सगळ्यांसाठी हे पान आहे. बहुतेक उदाहरणं एकाच कामातली घेतली आहेत: ग्रंथालयातली पुस्तकांची देवघेव. हे काम सगळ्यांना समजतं, आणि वरून दिसतात त्यापेक्षा त्यात कितीतरी जास्त नियम आहेत.

### बिझनेस रूल म्हणजे नेमकं काय?

संस्थेच्या कामात काय चालेल, काय चालणार नाही आणि कशाला काय म्हणायचं, हे ठरवणारं वाक्य म्हणजे बिझनेस रूल. "वर्गणी थकलेल्या सभासदाला नवीन पुस्तक द्यायचं नाही" हा बिझनेस रूल आहे. "परतीची तारीख उलटूनही सभासदाकडेच असलेलं पुस्तक थकीत समजायचं" हाही बिझनेस रूलच. पहिला वागण्याला बांध घालतो, दुसरा अर्थ पक्का करतो.

ओळखायची एक चांगली कसोटी आहे. सगळे संगणक बंद पडले आणि काम पुन्हा वहीवर करायची वेळ आली, तरी हे वाक्य लागू राहील का? राहणार असेल तर तो बिझनेस रूल. "यादीत एका पानावर वीस नोंदी दाखवाव्यात" याला वहीत काही अर्थ उरत नाही, म्हणून तो फक्त स्क्रीनचा तपशील.

हा विचार नवा नाही. गाइड या आयबीएम वापरकर्त्यांच्या संघटनेत 1993 मध्ये यावर गट बसला, 1995 मध्ये त्या गटाचा अहवाल आला, आणि पुढे तोच गट बिझनेस रूल्स ग्रुप म्हणून काम करू लागला. 2003 मध्ये त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. नियमांना रिक्वायरमेंटमध्ये स्वतःचं स्थान हवं, ते प्रक्रियेच्या पायऱ्यांमध्ये गाडले जाऊ नयेत, हा त्यातला आग्रह मला आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

### मग नियम आणि रिक्वायरमेंट यांत फरक काय?

नियम कामाबद्दल बोलतो, रिक्वायरमेंट सिस्टिमबद्दल. "सभासद क्रमांक टाकताच थकीत वर्गणी ठळक दिसावी" ही रिक्वायरमेंट. तिच्यामागे उभा असलेला नियम वर आलाच आहे. त्याच नियमामागून आणखी रिक्वायरमेंट येतात: वेबसाइटवरून आरक्षण करताना अडवणं, वर्गणी संपण्याआधी संदेश पाठवणं, थकबाकीदारांची यादी काढणं.

दोन्ही एकाच वाक्यात मिसळून लिहिलं की पहिल्या दिवशी काही बिघडत नाही. बिघडतं ते नियम बदलतो तेव्हा. उद्या व्यवस्थापनाने ठरवलं की वर्गणी संपल्यावर पंधरा दिवसांची सवलत द्यायची, तर तो बदल कुठे कुठे करायचा हे कोणालाच सांगता येत नाही. काउंटरच्या स्क्रीनवर बदल होतो, वेबसाइटवर राहून जातो, आणि सभासदाला एकाच दिवशी दोन वेगळी उत्तरं मिळतात. नियम एकदाच, एकाच जागी लिहायचा आणि प्रत्येक रिक्वायरमेंटने त्याचा फक्त क्रमांक सांगायचा, एवढी शिस्त पाळली तर हे टळतं.

### रिक्वायरमेंट गोळा करताना नियमांचा फायदा नेमका कुठे होतो?

मुलाखतीत. आपण सहसा विचारतो, "तुम्हाला सिस्टिममध्ये काय काय हवंय?" समोरची व्यक्ती ग्रंथपाल आहे, लेखापाल आहे, दाव्यांची छाननी करणारी अधिकारी आहे. सिस्टिमची कल्पना करणं हे तिचं काम नाही. मग ती सध्याच्या सिस्टिममध्ये जे आहे तेच सांगते, किंवा जे खुपतंय ते सांगते, किंवा कुठेतरी पाहिलेली एखादी सोय सांगते. तिच्याकडे खरं भांडवल वेगळंच असतं. कोणती केस घ्यायची, कोणती परत पाठवायची, कुठे सूट द्यायची, कुठे अजिबात द्यायची नाही, हे तिला वर्षानुवर्षांच्या कामातून माहीत असतं. ते आपण विचारतच नाही.

नियमांवर बोलायला लागलं की संभाषण तिच्या हद्दीत येतं. "मुदतवाढ कोणाला देता?" असं विचारलं की ती सहज बोलते, दुरुस्त करते, अपवाद सांगते, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारते. आणि नेमकं याच गप्पांमधून ते बाहेर येतं जे एरवी यूएटीच्या, म्हणजे वापरणाऱ्यांनी सिस्टिम तपासून स्वीकारायच्या, आठवड्यात "अहो, पण असं कसं चालेल?" या वाक्याने बाहेर पडलं असतं.

दुसरा फायदा असा की नियम खरा की खोटा हे सांगता येतं. "सिस्टिम वापरायला सोपी असावी" यावर सगळेच मान डोलावतात. "एका सभासदाकडे एका वेळी दोनपेक्षा जास्त पुस्तकं नसावीत" यावर मात्र कोणीतरी लगेच म्हणतं, "आजीव सभासदांना चार देतो की!" मतभेद पहिल्याच बैठकीत वर आला, तर तो कागदावर मिटतो.

### नियम काढून घ्यायला कोणते प्रश्न विचारावेत?

निर्णयांपासून सुरुवात करा. या कामात दिवसभरात कोणकोणते निर्णय घ्यावे लागतात? सभासदत्व द्यायचं की नाही, पुस्तक द्यायचं की नाही, विलंब शुल्क किती, ते माफ करायचं का, पुस्तक हरवलं असं कधी समजायचं. प्रत्येक निर्णय म्हणजे नियमांची एक जुडी असते.

मग एकेक निर्णय धरून खोलात जायचं. हे कशावरून ठरवता? कोणती माहिती हातात नसेल तर निर्णय घेताच येत नाही? शेवटचा नकार कोणाला दिला होता, आणि का? नियम डावलून कधी परवानगी दिली आहे का, कोणी दिली, त्याची नोंद कुठे झाली? नवीन माणूस कामावर आला तर त्याच्याकडून सुरुवातीला कोणती चूक हमखास होते? हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. जुन्या लोकांच्या अंगवळणी पडलेला नियम त्यांना नियम म्हणून दिसतच नाही, नवख्याची चूक आठवली की तो दिसतो.

काही शब्द कानावर आले की थांबायचं: "साधारणपणे", "शक्यतो", "नेहमीचे लोक", "विशेष बाब म्हणून", "वेळेत", "योग्य ती कागदपत्रं". यातल्या प्रत्येक शब्दाखाली किमान एक नियम दडलेला असतो. "शक्यतो त्याच दिवशी नोंद करतो" असं कोणी म्हणालं, तर कधी शक्य होत नाही आणि तेव्हा काय करतात, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि "का?" विचारायला संकोचू नका. संदर्भग्रंथ घरी देत नाहीत, का? पुस्तक महाग आहे म्हणून, की एकच प्रत आहे म्हणून, की कोणालाही कधीही लागेल म्हणून? कारण कळलं की नियमाची खरी हद्द कळते. एकच प्रत हे कारण असेल तर दुसरी प्रत आल्यावर नियम सुटतो. कोणालाही लागेल हे कारण असेल तर सुटत नाही.

### "आमच्याकडे असे नियम नाहीत, केस बघून ठरवतो" असं उत्तर आलं तर?

हे उत्तर मनापासून दिलेलं असतं, त्यावर वाद घालू नये. त्याऐवजी जुन्या केसेस मागा. वरवर सारख्या दिसणाऱ्या पण निकाल वेगळा लागलेल्या दोन केसेस शेजारी ठेवा आणि विचारा, "यांत फरक काय होता?" पहिलं उत्तर अनुभवाचं येईल, दुसरं किंवा तिसरं ठोस असेल: एका सभासदाने आधी कळवलं होतं, दुसऱ्याने नाही. नियम मिळाला.

काही निर्णय खरोखरच माणसाच्या विवेकावर सोडलेले असतात, आणि तसेच राहायला हवेत. तिथेही नियम असतोच, फक्त वेगळ्या पातळीवरचा: हा विवेक कोणी वापरायचा, कोणत्या मर्यादेपर्यंत, आणि कारण लिहून ठेवायचं की नाही. सिस्टिमला तेवढं पुरतं. माणसाची समज कोडमध्ये कोंबायचा हट्ट धरला, तर लोक सिस्टिमच्या बाहेर जाऊन काम करू लागतात.

### नियमांआधी शब्द ठरवायला का सांगतात?

कारण नियम शब्दांवर उभा असतो. "सभासदाला दोन पुस्तकं मिळतील" हे वाक्य सोपं दिसतं. पण कुटुंबाने मिळून घेतलेल्या सभासदत्वात सभासद कोण, कुटुंब की त्यातला प्रत्येक जण? वर्गणी संपली पण अनामत अजून जमा आहे, ती व्यक्ती सभासद आहे का? आणि "पुस्तक" म्हणजे शीर्षक की प्रत? आरक्षण शीर्षकाचं होतं, देवघेव प्रतीची होते. हा एक फरक सुरुवातीला सुटला की डेटाबेसची रचनाच चुकते, आणि ती नंतर दुरुस्त करणं म्हणजे भिंती उभ्या राहिल्यावर पाया हलवणं.

म्हणून क्रम असा: आधी संज्ञा, मग त्या संज्ञा एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत ती विधानं, मग नियम. सभासद प्रत नेतो. प्रत एका शीर्षकाची असते. सभासद शीर्षक आरक्षित करतो. एवढी विधानं फळ्यावर लिहून सगळ्यांकडून मान्य करून घेतली की नियम लिहिताना वाद निम्मे होतात. ओएमजी (ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप) या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 2008 मध्ये प्रसिद्ध केलेलं एसबीव्हीआर हे कामातले शब्द आणि नियम मांडण्याचं मानक याच पायावर रचलेलं आहे. ते संपूर्ण वाचायची गरज बहुतेक प्रोजेक्टना पडत नाही, पण त्यातला हा क्रम मात्र जरूर घ्यावा.

शब्दांची यादी करताना लेखा विभाग आणि काउंटर एकाच शब्दाचे दोन अर्थ घेतात असं आढळलं, तर एकाला चूक ठरवू नका. दोन वेगळे शब्द तयार करा.

### नियम लिहायचा कसा?

एका नियमात एकच गोष्ट. वाक्य पूर्ण. कोणी, काय, कोणत्या अटीवर, हे स्पष्ट. "च पाहिजे", "तरच", "नये" या रूपांनी सक्ती उघड दिसू द्यावी.

आपल्या कार्यालयीन मराठीची एक अडचण इथे आडवी येते. "विलंब झाल्यास योग्य ती कार्यवाही करण्यात यावी" हे वाक्य कानाला नियमासारखं लागतं, पण त्यात विलंब किती, कार्यवाही कोणती आणि करणारा कोण, यातलं काहीच नाही. कर्ता लपवणारी ही कर्मणी रचना रिक्वायरमेंटच्या कागदात शिरू देऊ नका. तेच असं लिहिता येतं: "प्रत परतीच्या तारखेनंतर 30 दिवसांत आली नाही, तर ग्रंथपालाने ती हरवलेली म्हणून नोंदवलीच पाहिजे."

"आणि", "किंवा" एकाच वाक्यात आले तर वाक्य तोडा. "विद्यार्थी किंवा ज्येष्ठ आणि आजीव सभासद" याचे दोन अर्थ निघतात, आणि डेव्हलपर त्यातला एक निवडून मोकळा होतो.

दिवस मोजण्याच्या नियमांवर विशेष लक्ष द्या. "14 दिवसांत परत" यात पुस्तक नेलं तो दिवस धरायचा का? चौदावा दिवस सुट्टीचा असेल तर? मुदत मध्यरात्री संपते की काउंटर बंद होताना? वार्षिक वर्गणी 29 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाली तर तिची पुढच्या वर्षीची तारीख कोणती धरायची, 2025 मध्ये तर 29 फेब्रुवारी नाही. यातलं कोणतंही उत्तर संस्था देऊ शकते. मात्र ते संस्थेने द्यायला हवं. आपण विचारलं नाही तर ते प्रोग्रामिंगमधलं एखादं तयार फंक्शन परस्पर देऊन टाकतं.

### नियमांचे प्रकार किती?

कामापुरते दोन. व्याख्येचे नियम आणि वागणुकीचे नियम. आयआयबीए या बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शकातही हीच विभागणी आहे.

व्याख्येचा नियम मोडता येत नाही. शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं, पण चारशेनेही भाग जात असेल तर असतं, म्हणून 1900 लीप नव्हतं आणि 2000 होतं. इथे कोणी नियम मोडू शकत नाही, फार तर हिशेब चुकू शकतो. वागणुकीचा नियम मात्र माणसं मोडू शकतात आणि मोडतात. म्हणून त्याच्याबाबत पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: मोडला तर काय? सिस्टिमने सरळ अडवायचं, की वरिष्ठाची आधी परवानगी घेऊन जाऊ द्यायचं, की जाऊ देऊन कारण मागायचं, की फक्त सूचना द्यायची? सक्तीची ही पातळी प्रत्येक नियमासमोर लिहिली नाही तर डेव्हलपर सगळीकडे लाल चौकट टाकून अडवतो. मग काउंटरवर रांग लागते आणि कर्मचारी खोटी माहिती भरून वाट काढतात.

### एक नियम एकाच ठिकाणी तपासला की झालं ना?

नाही, आणि या प्रश्नाला मी या पानावर सगळ्यात जास्त वजन देईन.

हा नियम घ्या: "ज्या सभासदाकडे दुर्मीळ पुस्तक आहे त्याची अनामत पूर्ण जमा असलीच पाहिजे." स्क्रीन धरून रिक्वायरमेंट लिहिणारा माणूस पुस्तक देण्याच्या स्क्रीनवर एक तपासणी लिहितो आणि पुढे सरकतो. आता नियम कोणकोणत्या क्षणी मोडू शकतो ते बघू. पुस्तक देताना मोडू शकतो, हे उघड आहे. पण पुस्तक घरी असताना सभासदाने अनामत परत मागितली तर? तो क्षण लेखा विभागाच्या स्क्रीनवर घडतो. पुस्तक सभासदाकडे असतानाच ग्रंथपालाने ते दुर्मीळ म्हणून वर्गीकृत केलं तर? तो क्षण सूचीच्या स्क्रीनवर. समितीने अनामतीची रक्कम वाढवली तर? त्या क्षणी कोणत्याच सभासदाने काही केलेलं नाही, तरी अनेकांची अनामत एकदम अपुरी ठरली. सभासदत्वाचा प्रकार बदलला आणि नव्या प्रकाराला जास्त अनामत लागत असेल तर?

नियम एक, क्षण पाच, स्क्रीन चार-पाच, आणि प्रत्येक ठिकाणचं उत्तर वेगळं असू शकतं. पहिल्या क्षणी अडवायचं. दुसऱ्या क्षणीही अडवायचं, पण संदेश वेगळा हवा. रक्कम वाढल्यावर मात्र अडवण्यासारखं काही नसतं. तिथे यादी काढून मुदत द्यावी लागते, म्हणजे आणखी एक नियम लागतो जो अजून कोणी ठरवलेलाच नाही.

म्हणून प्रत्येक वागणुकीच्या नियमातल्या संज्ञा अधोरेखित करा आणि प्रत्येक संज्ञेबाबत विचारा: ही माहिती कधी तयार होते, कधी बदलते, कधी नाहीशी होते? त्या बदलाने नियम मोडू शकतो का? सुटलेल्या रिक्वायरमेंट शोधायचा यापेक्षा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. स्क्रीनच्या याद्या कितीही बारकाईने वाचल्या तरी दुसऱ्या विभागाच्या स्क्रीनवर घडणारा भंग त्यात दिसत नाही.

### डिसिजन टेबल कधी वापरावं?

डिसिजन टेबल म्हणजे अटी आणि त्यांवरून होणारा निर्णय ओळींत मांडणारा तक्ता. एकाच निर्णयावर तीन-चार अटींचा एकत्र परिणाम होत असेल तेव्हा तो वापरावा. मुदतवाढीचा निर्णय पाहा:

| वर्गणी चालू आहे? | सभासदाकडे थकीत प्रत आहे? | दुसऱ्या कोणाचं आरक्षण आहे? | मुदतवाढ |
|---|---|---|---|
| नाही | काहीही | काहीही | नाही |
| हो | हो | काहीही | नाही |
| हो | नाही | हो | नाही |
| हो | नाही | नाही | हो |

हो-नाहीच्या तीन अटींची 8 जुळणी होतात. पहिल्या ओळीत चार, दुसरीत दोन, पुढच्या दोन्हींत एकेक, म्हणजे आठही आल्या. परिच्छेदात लिहिलेल्या नियमांची अशी मोजदाद करता येत नाही, आणि टेबलाचं मोल इथेच आहे. पाच अटी झाल्या की जुळणी 32 होतात. तेव्हा टेबल फुगवत बसण्यापेक्षा निर्णय दोन छोट्या निर्णयांत तोडावा.

टेबल भरताना एखादा रिकामा चौकोन समोर आला की ग्रंथपाल थबकतात आणि म्हणतात, "असं कधी झालंच नाही." तो चौकोन नोंदवून ठेवा आणि उत्तर घ्याच. ओएमजीचं डीएमएन हे मानक (पहिली आवृत्ती 2015) अशा टेबलांसाठीच आहे. एकाच केसला दोन ओळी लागू पडल्या तर कोणती धरायची, हेही त्यात टेबलावरच सांगावं लागतं. साध्या स्प्रेडशीटमध्ये टेबल केलं तरी हा प्रश्न सोडू नका.

### आम्ही अजाइल पद्धतीने काम करतो. यात नियम कुठे बसतात?

युजर स्टोरीत, म्हणजे वापरणाऱ्याची एक गरज सांगणाऱ्या छोट्या नोंदीत, नियम नसतात, तिच्या स्वीकाराच्या निकषांत असतात. अडचण अशी की निकष स्टोरीबरोबर बंद होतात आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पुढच्या छोट्या टप्प्यात, तोच नियम कोणीतरी थोडा वेगळा लिहितं. नियमांची यादी स्टोऱ्यांच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा.

स्टोरीवर चर्चा करताना मॅट विन यांची एक्झाम्पल मॅपिंग ही पद्धत फार उपयोगी पडते. पिवळ्या कार्डावर स्टोरी, निळ्यांवर नियम, प्रत्येक नियमाखाली हिरव्यांवर उदाहरणं, आणि उत्तर न मिळालेले प्रश्न लाल कार्डांवर. लाल कार्डं जास्त झाली तर स्टोरी अजून स्प्रिंटमध्ये घ्यायच्या अवस्थेत नाही. निळी जास्त झाली तर ती तोडायला हवी. टेबलाकडे नजर टाकताच हे कळतं, आणि टेस्टरला हिरव्या कार्डांतून टेस्ट केस जवळजवळ तयारच मिळतात.

### जुन्या सिस्टिमच्या कोडमधून नियम काढून घेतले तर वेळ वाचेल का?

थोडा. जुना कोड हा पुरावा म्हणून चांगला, अधिकार म्हणून धोक्याचा. त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: आजही लागू असलेले नियम, कधीच रद्द झालेले पण कोणी न काढलेले नियम, आणि त्या काळातल्या तांत्रिक अडचणींवरच्या तडजोडी. वर्ष दोन अंकांत साठवायची पद्धत जागा वाचवायला आली होती, कोणत्याही संस्थेचा तो नियम नव्हता. तरी 2000 साल जवळ आलं तेव्हा जगभरच्या सिस्टिम त्यासाठी तपासाव्या लागल्या.

कोडमधून निघालेलं प्रत्येक वाक्य साध्या मराठीत लिहून संबंधित विभागासमोर ठेवा आणि विचारा, "हे आजही असंच हवंय का?" उत्तर "माहीत नाही, पण राहू दे" असं आलं, तर तो नियम अजून कोणाचाच झालेला नाही. त्याला मालक मिळेपर्यंत तो प्रश्नांच्या यादीत राहिला पाहिजे.

### एआयला धोरणाची कागदपत्रं देऊन नियम काढून घेता येतील का?

पहिला मसुदा म्हणून जरूर. लांब परिपत्रकांतून उमेदवार नियमांची यादी पटकन मिळते. पण प्रत्येक नियमासमोर तो कोणत्या कागदाच्या कोणत्या कलमातून आला हे असलंच पाहिजे आणि माणसाने ते मूळ कलमाशी ताडून पाहिलं पाहिजे. कागदात नसलेला, सगळे पाळतात असा नियम मात्र मुलाखतीतूनच मिळतो.

### दोन विभागांनी परस्परविरोधी नियम सांगितले तर बीएने काय करावं?

निवड करू नये. दोन्ही नियम जसेच्या तसे लिहावेत, कोणत्या केसमध्ये ते आदळतात त्याचं एक खरं उदाहरण जोडावं, आणि निर्णय घ्यायचा अधिकार ज्याला आहे त्याच्याकडे पाठवावं. ठरलेलं उत्तर तारखेसह नोंदवावं. अधिकार कोणाचा हेच ठरलेलं नसेल, तर प्रोजेक्टची सगळ्यात मोठी जोखीम तुम्हाला सापडली आहे आणि ती त्याच दिवशी वर कळवायला हवी.

### यासाठी रूल इंजिन विकत घ्यावं लागेल का?

नाही. रूल इंजिन म्हणजे नियम बाकीच्या कोडपासून वेगळे ठेवून चालवणारं सॉफ्टवेअर. नियम शोधणं, लिहिणं आणि सांभाळणं हे एक काम, ते कोणत्या तंत्राने चालवायचे हे दुसरं. रूल इंजिनांमागचा रेटे हा अल्गोरिदम चार्ल्स फोर्गी यांनी 1970 च्या दशकात मांडला. ड्रूल्ससारखी ओपन सोर्स इंजिनं बरीच वर्षं उपलब्ध आहेत. नियम खूप असतील, वारंवार बदलत असतील आणि बदल डेव्हलपरची वाट न पाहता व्हायला हवे असतील, तर इंजिनाचा विचार करा. नाहीतर डेटाबेसमधलं एक टेबल आणि नीट लिहिलेला कोड पुरतो. अस्पष्ट नियम इंजिनात घातला तरी तो अस्पष्टच राहतो.

### सगळेच नियम लिहायचे म्हटलं तर प्रोजेक्ट कधी संपणार?

सगळे लिहायचे नाहीत. ज्या निर्णयात चूक झाली तर पैसा, कायदा किंवा माणसाचा विश्वास अडकतो, तिथले नियम पूर्ण लिहा. एकाहून जास्त विभाग वापरतात ते नियम पूर्ण लिहा. बदलण्याची दाट शक्यता असलेलेही. रकाना रिकामा ठेवू नये अशा स्वरूपाच्या बारीकसारीक गोष्टी डेटाच्या यादीत राहू द्या, त्यांना नियमांच्या यादीत आणून गर्दी करू नका.

### सुरुवात कुठून करावी?

ज्या निर्णयाबद्दल सगळ्यात जास्त तक्रारी किंवा फोन येतात, असा एकच निर्णय निवडा. तो रोज घेणारे दोघे-तिघे आणि त्यावर सही करणारा एक जण, एवढ्यांनाच बोलवा. आधी संज्ञा फळ्यावर, मग नियम, मग खऱ्या जुन्या केसेस घेऊन ते नियम चालवून पाहा. एखाद्या केसचा निकाल नियमांप्रमाणे वेगळा येतोय असं दिसलं की तिथे थांबून बोला.

नोंदीसाठी खास सॉफ्टवेअर लागत नाही. नियमाचा क्रमांक, वाक्य, कारण, स्रोत, मालक, सक्तीची पातळी, कधीपासून लागू आणि कोणकोणत्या रिक्वायरमेंट त्याच्यावर अवलंबून आहेत, एवढे रकाने असलेली एक शीट पुरते. मालकाचा रकाना रिकामा असलेल्या ओळी आठवड्यातून एकदा गाळून पाहा आणि पुढच्या बैठकीचा अजेंडा त्यांतूनच तयार करा.